प्रिंटर सारखा ‘ऑफलाइन’ जातोय? राउटरमधला ‘डायनॅमिक’ शब्द आधी नीट समजून घ्या

लक्षणं आधी सांगतो, जुळली तरच पुढे वाचा. दुकानात किंवा छोट्या ऑफिसात वायफायवरचा प्रिंटर आहे, दोन-तीन कॉम्प्युटरवरून प्रिंट मारता, बसवला तेव्हा मस्त चालला, आणि मग काही दिवसांनी सकाळी पहिलीच प्रिंट दिली की ‘ऑफलाइन’. प्रिंटर चालू आहे, त्याच्यावरचा वायफायचा दिवा लागलेला आहे, नेट चालतंय, मोबाईलवरून तर प्रिंट निघतेय सुद्धा, पण कॉम्प्युटर म्हणतो प्रिंटरच नाही. समोर सातबारा न्यायला आलेला माणूस उभा असतो. मग कुणालातरी फोन करायचा, तो येऊन प्रिंटर रिमूव्ह करून परत ॲड करतो, चालू होतं, तो पैसे घेऊन जातो, आणि आठ-दहा दिवसांनी परत पहिले पाढे पंचावन्न. सोमवारी जास्त होतं, लाइट जाऊन आली की होतं, दिवाळीची सुट्टी संपवून दुकान उघडलं की हमखास होतं.

एवढं सगळं जुळत असेल तर प्रिंटर धड आहे, ड्रायव्हर पण धड आहे. प्रिंटरचा आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा आकड्यांचा पत्ता, बदललाय आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर काम पाठवत बसलाय, बस. रिमूव्ह करून ॲड केलं की कॉम्प्युटरला नवा पत्ता कळतो म्हणून चालू होतं, पण तो पत्ता परत बदलणार आहे म्हणून परत बंद पडतं.

खात्री करून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. प्रिंटरला छोटी स्क्रीन असेल तर नेटवर्क किंवा वायरलेस मेनूत आयपी ॲड्रेस दिसतो, स्क्रीन नसेल तर नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान छापता येतं, कुठलं बटण किती वेळ दाबायचं ते मॉडेलप्रमाणे बदलतं, मॅन्युअलमध्ये असतं. तो आकडा कागदावर लिहा, समजा १९२.१६८.१.१०७. (इथे मी मराठी आकडे लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी.) आता कॉम्प्युटरवर विंडोजच्या सेटिंग्जमधल्या प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये जा, तुमचा प्रिंटर निवडा, ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’ उघडा. नुसतं ‘प्रॉपर्टीज’ किंवा ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’ नाही, ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’. त्यात ‘पोर्ट्स’ टॅबवर ज्या ओळीला टिक आहे तिथे बघा. तिथे १९२.१६८.१.१०३ दिसत असेल आणि तुमच्या कागदावर १०७ असेल तर झालं, चोर सापडला. तिथे आयपीच्या जागी डब्ल्यूएसडी असं काहीतरी लांबलचक दिसत असेल तर त्याचं वेगळं आहे, ते खाली सांगतो.

मोबाईलवरून प्रिंट का निघते याचं कोडं पण इथेच सुटतं. मोबाईल दरवेळी नेटवर्कवर ‘कुणी प्रिंटर आहे का’ म्हणून नव्याने शोधतो आणि जो पत्ता मिळेल तिथे पाठवतो, कॉम्प्युटरने मात्र इन्स्टॉल करताना मिळालेला पत्ता पाठ करून ठेवलेला असतो.

आता मुद्द्याचा शब्द. राउटरच्या सेटिंगमध्ये, प्रिंटरच्या पानावर, सगळीकडे ‘डायनॅमिक’ असं लिहिलेलं असतं, आणि गोंधळ त्या शब्दाच्या अर्थावरूनच चालू होतो. आपल्याकडे डायनॅमिक शब्द पहिल्यांदा कानावर पडतो तो ‘डायनॅमिक पर्सनॅलिटी’, ‘डायनॅमिक लीडर’ असा, नोकरीच्या जाहिरातीत ‘यंग अँड डायनॅमिक उमेदवार पाहिजे’ असा, त्यामुळे डोक्यात बसलेलं असतं की डायनॅमिक म्हणजे तडफदार, जोरदार, भारी. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ शक्ती असाच आहे, त्यामुळे माणसाला लावल्यावर तो अर्थ बरोबरच आहे. पण तोच शब्द आयपीच्या मागे लागला की लोक म्हणतात डायनॅमिक चालू आहे ना, मग चांगलंच आहे की, कशाला बदलायचं. स्टॅटिक म्हणजे काहीतरी अडकलेलं, जुनाट, असं वाटतं. यंत्रांच्या भाषेत यात चांगलं-वाईट काही नाही. डायनॅमिक म्हणजे गरजेच्या वेळी ठरणारं आणि नंतर बदलू शकणारं. स्टॅटिक म्हणजे एकदा ठरवलं की आपण बदलेपर्यंत तेच.

दुसरी गल्लत याच्या उलटी. डायनॅमिक म्हणजे सतत, सेकंदासेकंदाला बदलणारं, असं समजणारे पण आहेत, आणि ते म्हणतात आमचा आयपी तर महिनाभर तोच होता, म्हणजे तो डायनॅमिक नसणार, प्रॉब्लेम दुसराच आहे. असं नसतं. पेट्रोलचंच बघा, १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी ६ वाजता नवा दर लागायची पद्धत सुरू झाली, पेपरांनी त्याला डायनॅमिक प्रायसिंग असंच म्हटलं, तरी नंतर महिनोन्महिने पंपावर तोच आकडा राहिल्याचं आपण बघितलंय. पद्धत डायनॅमिक, आकडा ढिम्म. आयपीचं पण तसंच, तो बदलेलच असं नाही, पण बदलणार नाही असं कुणी वचन दिलेलं नाही, आणि वचन नसलेल्या गोष्टीवर प्रिंटर बांधला की तो कधीतरी सुटतोच.

दुकानदारांना हा फरक क्यूआरवरून लगेच कळतो असा माझा अनुभव आहे. काउंटरवर चिकटवलेला क्यूआर स्टॅटिक, त्यात फक्त तुमचा यूपीआय आयडी असतो, रक्कम गिऱ्हाईक टाकतो, वर्षभर तोच स्टिकर चालतो. मशिनच्या स्क्रीनवर बिलागणिक जो नवीन येतो, रक्कम आधीच भरलेला, तो डायनॅमिक. त्या डायनॅमिकचा स्क्रीनशॉट काढून, रंगीत प्रिंट मारून भिंतीला लावला तर काय होईल? पुढच्या गिऱ्हाईकाला चालणार नाही. कॉम्प्युटरमध्ये प्रिंटरचा डायनॅमिक आयपी फिक्स करून ठेवणं हे तंतोतंत तेच आहे.

मग हा आयपी देतं कोण आणि बदलतो कधी. राउटरमध्ये डीएचसीपी नावाची सोय असते, त्यातला ‘डी’ म्हणजे पण डायनॅमिकच. १९९३ मध्ये ती पहिल्यांदा ठरली आणि १९९७ मध्ये सुधारून जी आली तीच आपल्या घरोघरच्या राउटरमध्ये आजही चालतेय. कुठलंही यंत्र नेटवर्कवर आलं की ते ओरडतं, ‘मला पत्ता द्या’, राउटर म्हणतो ‘हा घे’, यंत्र म्हणतं ‘हाच घेतो’, राउटर म्हणतो ‘ठीक, अमुक वेळ तुझा’. हा जो अमुक वेळ आहे त्याला लीज म्हणतात, आणि ते अगदी ११ महिन्यांच्या भाडेकरारासारखं आहे, मुदत संपायच्या आत रिन्यू केलं तर खोली तुमची, नाही केलं तर मालक दुसऱ्याला द्यायला मोकळा. निम्मी मुदत झाली की यंत्र आपणहून रिन्यू मागायला लागतं, राउटरने दाद दिली नाही तर साडेसत्त्याऐंशी टक्के मुदत झाल्यावर कुणीही द्या म्हणून परत ओरडतं. चालू असलेल्या यंत्राचा पत्ता म्हणूनच सहसा बदलत नाही.

पण प्रिंटर चालू नसतो ना! इथेच सगळी मेख आहे. लीजची मुदत कुठल्या राउटरमध्ये २४ तास असते, कुठल्यात २ तास. शनिवारी रात्री दुकान बंद करताना तुम्ही मेन स्विच पाडता, प्रिंटर सोमवारी सकाळी उठतो, मधे छत्तीस तास गेले, लीज कधीच संपली, आणि दरम्यान राउटर इन्व्हर्टरवर चालू असेल तर त्याने तो पत्ता वरच्या मजल्यावरच्या पाहुण्याच्या मोबाईलला देऊन टाकलेला असू शकतो. बरेच राउटर जुन्या यंत्राला जुनाच पत्ता द्यायचा प्रयत्न करतात, पण मोकळा असेल तरच.

लाइटचा किस्सा अजून वाईट. स्वस्तातले बरेच राउटर कुणाला कुठला पत्ता दिलाय याची यादी तात्पुरत्या मेमरीत ठेवतात, लाइट गेली की यादी साफ. लाइट आल्यावर राउटर कोऱ्या पाटीने सुरू होतो आणि जो आधी येईल त्याला देत सुटतो, मोबाईल तर बॅटरीवर जागेच असतात, ते पहिल्या सेकंदाला रांगेत, प्रिंटर आपला गरगर आवाज करत, शाई साफ करत, सावकाश उठतो आणि त्याला जे उरलंय ते मिळतं. लोडशेडिंगच्या गावात हा प्रॉब्लेम जास्त का दिसतो हे आता कळलं असेल. लीज टाइम वाढवून सात दिवस केला तर थोडा फरक पडतो, पण लाइट जाण्यावर तो उपाय नाही, त्यामुळे मी त्याच्या फार नादी लागत नाही.

खरा उपाय म्हणजे राउटरला सांगायचं की या प्रिंटरला कायम हाच पत्ता. याला ॲड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात. राउटर डायनॅमिकच राहतो, मोबाईल-लॅपटॉपना हवे ते पत्ते देत राहतो, फक्त प्रिंटरची खुर्ची राखीव. मला हाच मार्ग सगळ्यात आवडतो, कारण प्रिंटरला हात लावावा लागत नाही आणि पुढे कुणी प्रिंटर रिसेट केला तरी पत्ता तोच येतो.

कसं करायचं: कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडा, म्हणजे सीएमडी, त्यात आयपीकॉन्फिग असं इंग्रजीत जोडून टाइप करून एंटर मारा. ‘डिफॉल्ट गेटवे’समोर जो आकडा येईल तो राउटरचा पत्ता, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, काही फायबरवाल्यांच्या राउटरला १९२.१६८.२९.१ असतो. तो ब्राउझरमध्ये टाका, राउटरचं पान उघडेल, युजरनेम-पासवर्ड बऱ्याचदा राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो (वायफायचा पासवर्ड वेगळा, ॲडमिनचा, म्हणजे सेटिंग बदलायचा, वेगळा). मग लॅन किंवा डीएचसीपी असा मेनू शोधा. त्यात ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’, ‘डीएचसीपी रिझर्व्हेशन’, ‘स्टॅटिक लीज’ यातलं काहीतरी नाव असेल, प्रत्येक कंपनीचं वेगळं. ‘आयपी-मॅक बाइंडिंग’ असं नाव दिसलं तर जरा थांबा, काही राउटरमध्ये ती रिझर्व्हेशनचीच सोय असते आणि काहींमध्ये ती पूर्ण वेगळी, सुरक्षेसाठीची असते, तिथे नोंद करून प्रिंटरचा पत्ता फिक्स होत नाही, म्हणून डीएचसीपीच्या मेनूतच आधी शोधा.

तिथे दोन गोष्टी भरायच्या, प्रिंटरचा मॅक ॲड्रेस आणि त्याला द्यायचा आयपी. मॅक म्हणजे यंत्राचा कारखान्यातून आलेला बारा अक्षर-आकड्यांचा नंबर, नेटवर्कच्या त्या छापलेल्या पानावर असतो. आणि इथे एक खड्डा आहे ज्यात भलेभले पडतात: प्रिंटरला वायफाय पण असेल आणि लॅनची वायर लावायची जागा पण असेल तर मॅक दोन असतात, एक वायरचा, एक वायफायचा. शेवटच्या एक-दोन अक्षरांचाच फरक असतो बऱ्याचदा. प्रिंटर वायफायवर चालवताय आणि नोंद वायरच्या मॅकची केली तर राउटर मनापासून एका कधीच न येणाऱ्या यंत्रासाठी खुर्ची राखून बसेल आणि तुम्ही म्हणाल रिझर्व्हेशन चालत नाही. टाइप करण्यापेक्षा राउटरच्या ‘कनेक्टेड डिव्हाइसेस’च्या यादीतून प्रिंटर निवडता येत असेल तर तेच करा, त्यात चूक होत नाही. सेव्ह करा, प्रिंटर बंद करून चालू करा, नवीन पत्ता आला का बघा.

काही कंपन्या त्यांच्या राउटरचं ॲडमिन आपल्याला देतच नाहीत, किंवा देतात पण त्यात हा मेनू लपवलेला असतो. मग प्रिंटरमध्येच पत्ता हाताने भरायचा. प्रिंटरचा सध्याचा आयपी ब्राउझरमध्ये टाकला की प्रिंटरचं स्वतःचं पान उघडतं, त्यात नेटवर्क, मग आयपीव्ही४, तिथे ‘ऑटोमॅटिक’ किंवा ‘डीएचसीपी’ असतं ते ‘मॅन्युअल’ किंवा ‘स्टॅटिक’ करायचं. पत्ता निवडताना डोकं वापरा. राउटर ज्या पट्ट्यातून पत्ते वाटतो, समजा १०० ते १९९, त्याच्या बाहेरचा घ्या, म्हणजे १९२.१६८.१.५० वगैरे. आतला घेतला तर राउटरला माहीतच नसतं की हा कुणीतरी धरून बसलाय, तो बिनधास्त दुसऱ्याला देईल, मग दोन यंत्रं एका पत्त्यावर भांडतील आणि प्रिंट कधी निघेल कधी नाही, जे ऑफलाइनपेक्षा जास्त डोकं खातं. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे म्हणजे राउटरचा पत्ता, आणि स्कॅन करून ईमेलला पाठवायची सोय वापरत असाल तर डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी शोधून देणारी सोय) पण भरा, तिथे राउटरचाच पत्ता चालतो.

एवढं करून लोक थांबतात आणि मग म्हणतात फरक नाही पडला. कॉम्प्युटरला कोण सांगणार? पोर्ट्सच्या त्याच टॅबमध्ये ‘ॲड पोर्ट’, ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’, ‘न्यू पोर्ट’, नवीन पक्का आयपी टाका, टिक त्याच्यावर येऊ द्या, अप्लाय. हे प्रत्येक कॉम्प्युटरवर करायचं, एकावर करून बाकीच्यांना आपोआप कळत नाही.

वर डब्ल्यूएसडी म्हटलं होतं ते हेच. विंडोजने प्रिंटर आपोआप शोधून बसवला की बऱ्याचदा तो डब्ल्यूएसडी पोर्टवर बसतो, ज्यात पत्ता पाठ करायच्या ऐवजी विंडोज प्रिंटरला नावाने हाक मारून शोधतं. ऐकायला छान आहे, पत्ता बदलला तरी चालायला पाहिजे, पण हाक पोचली नाही की ऑफलाइन, आणि हाक न पोचायला फायरवॉल, झोपलेला प्रिंटर, कमजोर वायफाय, काहीही पुरतं. एकदोन माणसांच्या घरात ठीक आहे, पण गिऱ्हाईक समोर उभं असणाऱ्या दुकानात मी डब्ल्यूएसडी ठेवूच देत नाही, सरळ टीसीपी/आयपी पोर्ट.

तिथेच ‘कॉन्फिगर पोर्ट’मध्ये खाली ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ असा एक चौकोन आहे. पत्ता बरोबर आहे, सीएमडीतून पिंग केलं, म्हणजे त्या पत्त्यावर नुसती हाक मारून बघितली, तर प्रिंटर उत्तर देतोय, तरी विंडोज ऑफलाइनच दाखवतंय, अशा वेळी ती टिक काढा. विंडोज त्या मार्गाने प्रिंटरची तब्येत विचारत असतं, प्रिंटरने त्या भाषेत उत्तर दिलं नाही की ते परस्पर ठरवून टाकतं की तो मेला. टिक काढली की न विचारता कागद पाठवतं.

जाता जाता, प्रिंटरची डुप्लिकेट नावं, ‘कॉपी १’, ‘कॉपी २’ अशी मागच्या रिपेअरिंगची पिल्लं यादीत पडलेली असतात, ती उडवा, नाहीतर कामाला ठेवलेला मुलगा नेमका त्यातलाच एक निवडून प्रिंट देणार. आणि ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ हे बंद करा, ते चालू असलं की शेवटी जो प्रिंटर वापरला तोच डिफॉल्ट होतो, तुम्ही एकदा पीडीएफवर सेव्ह केलं की पुढची पावती पण पीडीएफकडे जाते.

आता सगळं केलं तरी चालत नाही अशी एक केस आपल्याकडे फार दिसते, ती म्हणजे दोन राउटर. फायबरवाल्याने बसवलेला डबा माळ्यावर, त्याची रेंज खाली येत नाही म्हणून दुसरा राउटर विकत आणून त्याच्या वॅन पोर्टला, म्हणजे बाहेरचं नेट आत घ्यायच्या जागेला, वायर जोडलेली. आता दोघंही पत्ते वाटतायत, वरचा १९२.१६८.१ चे, खालचा १९२.१६८.० चे. प्रिंटर एकाच्या वायफायवर, कॉम्प्युटर दुसऱ्याच्या, आणि ज्या दिवशी दोघं योगायोगाने एकाच वायफायवर असतात त्या दिवशी प्रिंट निघते. दोघांच्या आयपीतला तिसरा आकडा वेगळा दिसला की समजा हेच. खालच्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो लावा, म्हणजे तो पत्ते वाटायचं बंद करून फक्त वायफाय पसरवेल. ‘गेस्ट’ नावाच्या वायफायवर प्रिंटर जोडला असेल तरी असंच होतं, गेस्टवाल्यांना आतली यंत्रं दिसूच नयेत यासाठीच ते असतं.

आणि प्रिंटरचा आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर रिझर्व्हेशन वगैरे सोडा, त्याचा अर्थ प्रिंटरला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही आणि त्याने स्वतःच एक लावून घेतलाय. वायफायचा पासवर्ड बदलला होता का ते आधी बघा. मग प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवाला आहे आणि राउटरवर ते बंद करून फक्त ५ ठेवलंय असं तर नाही ना, ते बघा.

राउटरच्या पानावर फिरताना एक इशारा, आणि हा ठळक अक्षरात समजा. ‘डायनॅमिक आयपी’ हा शब्द तिथे वॅन किंवा इंटरनेट नावाच्या मेनूत पण दिसेल, ‘डायनॅमिक आयपी, स्टॅटिक आयपी, पीपीपीओई’ अशी यादी असते. लोक इथपर्यंत वाचून येतात आणि तिथे डायनॅमिकचं स्टॅटिक करतात, आणि सगळ्या दुकानाचं इंटरनेट बंद पडतं. तो शब्द तोच असला तरी गोष्ट वेगळी आहे, तो कंपनी तुमच्या राउटरला बाहेरचा पत्ता कसा देते त्याबद्दल आहे, त्याचा प्रिंटरशी काही संबंध नाही. तिथे जे आहे ते तसंच राहू द्या. आपलं काम लॅनमध्ये, म्हणजे राउटरच्या आतल्या बाजूला.

याच गोंधळावर धंदा पण चालतो. ‘तुमचा आयपी डायनॅमिक आहे म्हणून प्रिंटर बंद पडतो, स्टॅटिक आयपीचा प्लॅन घ्या’ असं सांगून वर्षाचे पैसे लावलेले मी बघितलेत. कंपनीकडून पैसे देऊन मिळतो तो बाहेरचा, पब्लिक स्टॅटिक आयपी, जगातून कुणालाही तुमच्या राउटरपर्यंत पोचता यावं यासाठीचा. दुकानातला प्रिंटर आणि दुकानातला कॉम्प्युटर एकमेकांशी बोलताना दुकानाबाहेर जातच नाहीत, त्यांना त्याचा शून्य उपयोग. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९६ पासून घरगुती वापरासाठी राखून ठेवलेत, लाखो दुकानांत एकाच वेळी तोच आकडा वापरात आहे, ते फिक्स करायला कुणाला एक रुपया द्यायची गरज नाही.

बाहेरचा पत्ता डायनॅमिक असण्याचा त्रास होतो तो सीसीटीव्हीवाल्यांना, म्हणजे घरबसल्या दुकानाचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) आयपी टाकून बघायचा असेल तर. इंटरनेट कंपन्या बाहेरचा पत्ता पण का बदलत राहतात, तर मुळात पत्तेच कमी आहेत, जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही४) सगळे मिळून जेमतेम ४२९ कोटी, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले, आपल्या आशिया-पॅसिफिकचा साधा कोटा त्याच वर्षी एप्रिलमध्ये आटला. म्हणून एकच पत्ता फिरवून फिरवून वापरायचा. सीसीटीव्हीवाल्यांच्या त्रासावर डायनॅमिक डीएनएस नावाची सोय असते, पत्ता बदलला की राउटर किंवा डीव्हीआर एका ठरलेल्या नावासमोर नवा पत्ता नोंदवून टाकतो, तुम्ही कायम नावच टाकायचं. बघा, इथे डायनॅमिक शब्द बदलाची तक्रार म्हणून आलेला नाही, बदलाच्या मागे धावणारी सोय म्हणून आलाय.

पण ती लावायच्या आधी राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत कशानेही सुरू होत असेल तर कंपनीने तुमच्यासकट अनेक घरांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवलंय, २०१२ मध्ये हा पट्टा त्यासाठीच वेगळा काढला गेला. तिथे डायनॅमिक डीएनएस लावून, पोर्ट फॉरवर्ड करून (बाहेरून आलेली हाक राउटरने डीव्हीआरकडे वळवावी अशी नोंद करून) रात्र घालवली तरी काही होणार नाही. अशा ठिकाणी एकतर पैसे देऊन पब्लिक आयपी घ्या, तेव्हा ते पैसे वसूल आहेत, नाहीतर डीव्हीआरच्या ॲपमध्ये त्याचा क्यूआर स्कॅन करून डीव्हीआरच्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत बघा, साध्या दुकानाला तेवढं पुरतं.

एक शेवटची केस राहिली. प्रिंटर वायफायचा नाहीच, एका लॅपटॉपला यूएसबीने जोडून शेअर केलाय. मग पक्का पत्ता लॅपटॉपला पाहिजे, आणि तिथे मॅकची गंमत आहे. लॅपटॉपमध्ये ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस’ चालू असेल तर तो खऱ्याऐवजी बनावट मॅक दाखवतो आणि रिझर्व्हेशन त्याला ओळखतच नाही, मोबाईलमध्ये तर ॲण्ड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून हे आपोआप चालू असतं. दुकानाच्या वायफायपुरतं ते बंद करा, मग नोंद करा. पत्त्याच्या ऐवजी लॅपटॉपचं नाव वापरून शेअर जोडलंत तर बऱ्याचदा हे पण करावं लागत नाही.

आणि इंटरनेट कंपनी बदललीत किंवा राउटर जळून नवीन आला तर रिझर्व्हेशनची नोंद जुन्या राउटरबरोबर गेली, ती नव्यात परत करायची. प्रिंटरमध्ये हाताने भरला असेल तर अजून एक भानगड, नवा राउटर १९२.१६८.२९ वाला निघाला आणि प्रिंटर १९२.१६८.१.५० ला अडून बसला तर ब्राउझरमधून पण त्याच्यापर्यंत पोचता येणार नाही, तेव्हा प्रिंटरच्याच पॅनलवरून ‘रिस्टोअर नेटवर्क सेटिंग्ज’ करून वायफाय नव्याने जोडा आणि मग पत्ता द्या. नवा राउटर बसवणारा माणूस असतानाच त्याच्याकडून ॲडमिनचा पासवर्ड लिहून घ्या, तो गेल्यावर फोन उचलत नाही.